मालकाचा रकाना

म्हशाची जत्रा उठल्यावर चौथ्या दिवशी
चिमाबाई मेंगाळ पंचायतीच्या दारात आली.
एका हातात दोर, दोराला बैल,
दुसऱ्या हातात वेलांची चिपाडं.
"ओलीवरचा वाल होता, झिपरू. शेंगा भरत आलेल्या."
बैलाच्या ओठांना अजून हिरवं लागलेलं.

मी शिपाई.
पहाटे चारला टाकीचा व्हॉल्व सोडतो,
दुपारी घरपट्टीच्या नोटिसा दारांना डकवतो,
आणि कोंडवाड्याची किल्ली माझ्याच करदोट्याला.
तिचा पगार वेगळा नाही.
आहे तोही सात महिन्यांचा थकलाय,
पण ते इथं नको.

कोंडवाड्याला भिंती तीन.
चौथ्या बाजूला करवंदीच्या काट्यांची झाप,
दुरुस्तीचा ठराव झालाय, दोनदा.
वही मात्र जाड पुठ्ठ्याची.
जनावर : बैल. रंग : कोसा.
शिंगं : उजवं टोकाला मोडकं.
वय : दात बघता म्हातारा.
मालक :
इथं शेलवले मॅडमचं पेन थांबलं.
ग्रामसेविका, नुकत्याच बदलून आलेल्या,
त्यांना खरंच माहीत नव्हतं.

बाकी गावाला दिवाळीत
कुणाच्या अंगणात नवा ट्रॅक्टर आला
आणि त्याला हार घालताना
गोठ्यातून कोण हंबरत होतं,
सगळं माहीत होतं.

ग्रामसभेला कोरम नव्हता.
अर्धा तास थांबलो, घरोघर फिरून सह्या आणल्या.
गटार झालं, स्मशानशेडचे पत्रे झाले,
मुरबाडहून येणाऱ्या रस्त्यावर बरंच भांडण झालं.
बैल सगळ्यात शेवटी,
आयत्या वेळच्या विषयांत.

उपसरपंच दुंदाशेठ पष्टे उठले.
घसा खाकरला. "कायदा सगळ्यांना सारखा.
दावा सांगायला कुणी येत नसेल तर
लिलाव करून मोकळे व्हा."

खिडकीबाहेर, झापेच्या आत,
तीन दिवस बसून असलेला बैल
उभा राहिला.
मान इकडे वळवली,
आणि नांगर खांद्यावर घ्यायच्या आधी देतात
तसा एक बारीक हुंकार दिला.

कुणी पंख्याकडे बघितलं.
बचत गटाच्या बायांनी पदर तोंडाला लावले.
दुंदाशेठ कागद चाळत राहिले, कागद एकच होता.
चिमाबाई म्हणाली, "माझा वाल भरून द्या.
बैल कुणाचा का असंना."

चर्चेअंती विषय तहकूब.
मॅडमनी लिहिलं, मी शिक्का मारला.
बैल उभा राहिला
हे इतिवृत्तात येत नाही.

दिवेलागणीला अंजनीवहिनी आल्या,
पष्ट्यांच्या घरातल्या.
बादलीत कोंडा, वर मूठभर मीठ.
"घरात उरला होता, टाकायचा तर इथं टाकते."
मी म्हटलं, टाका.
मी टाकीकडे तोंड करून उभा राहिलो,
तरी ऐकू आलंच,
"हौशा", एकदाच,
आणि मग नुसता चघळण्याचा आवाज.

रात्री वही माझ्यासमोर.
सातवी शिकलोय, चार अक्षरं मलाही येतात.
पण माझ्या पगाराच्या बिलावर
मंजुरीला जी सही लागते
तीही मला ओळखते.
खुराकीच्या खाली लिहिलं : आजची मिळाली.
मालकाच्या रकान्यात पेन टेकवलं.
शाईचा एक ठिपका पडला, तो तसाच वाळू दिला.

चारला व्हॉल्व सोडला.
पाड्याच्या नळावर चिमाबाई पहिली,
हंडा लावून, तोंडाला फडकं गुंडाळून.
"लिहिलंस का?"
मी नळ पुरता फिरवला.
पाण्याआधी त्यातून नुसती हवा येत राहिली,
बराच वेळ.